शेगडीची चूक

पिक्चर वाईट होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यातलं भूत मीच होते.

‘मागच्या खोलीतली वहिनी’ हे त्याचं नाव. आमच्या नाशिकच्या सातपूरचा सनी एरवी लग्नांचं शूटिंग करतो, पण त्याला पिक्चर काढायचं वेड. मावशीचं घर आणि मित्रांचे हातपाय एवढ्या भांडवलावर त्यानं हा भुताचा पिक्चर काढला आणि यूट्यूबवर चढवला. मेकअपवाल्याला द्यायला काही नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे आला. मी तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला आहे. टपरीवर चहाचा ग्लास फिरवत बसला बराच वेळ आणि मग म्हणाला, “रोशनीताई, राग मानू नका, पण...” पुढचं मला कळलं. माझा उजवा गाल, कान आणि मान भाजून आकसलेली आहे. गेली पंधरा वर्षं लोक माझ्यासमोर त्या ‘पण’पाशीच अडखळतात.

राग आलाच. का येऊ नये? तरी मी म्हटलं, “करते. फक्त वहिनी मेली कशी, ते मी सांगणार.”

त्याच्या गोष्टीत ती विहिरीत पडून मरायची. मी सांगितलं ते असं: नवरा पिऊन येतो, स्वयंपाकघरात बायकोवर रॉकेल ओततो आणि काडी लावतो. दवाखान्यात सासू कानाशी येऊन सांगते, स्टोव्ह भडकला म्हण, पोरीला बाप नको का? बाई पोलिसांना तसंच सांगते, मरते आणि भूत होऊन पोरीला बघायला मागच्या खोलीत येते. सनी खूश झाला. “ताई, कुठून सुचलं हे?” म्हणाला. पोरगं भोळं आहे.

मी मेले नाही, एवढाच काय तो फरक. बाकी सगळं घोटीला माझ्या सासरी झालं तसंच. माझा नवरा संतोष भाताच्या गिरणीवर होता. सासू कुसाबाई दवाखान्यात अशीच कानाशी आली होती. “झाकली मूठ सव्वा लाखाची, बये. पोरीकडं बघ.” मी पोरीकडं बघितलं आणि स्टोव्ह म्हणाले. हवालदारानं लिहून घेतलं, माझ्या वडिलांनी मान हलवली, शेजारणींनी हळहळून घेतलं. झालं. निकिता तेव्हा तीन वर्षांची. माझा चेहरा बघून ती किंचाळली. तेवढं निमित्त सासरच्यांना पुरलं. मला माहेरी धाडलं आणि पोर ठेवून घेतली. तुझ्या आईला धड स्टोव्ह पेटवता येत नव्हता, असं ऐकतच ती वाढली.

आता ती नाशिकला कॉलेजला येते. अधूनमधून माझ्या खोलीवर डोकावते, माझ्या चेहऱ्याकडे न बघता चहा पिते आणि घोटीची बस गाठते. तिला तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाही. पिक्चर मी तिच्यासाठी केला. तिनं बघावं आणि ओळखावं. दुसरं काही नको होतं मला.

शूटिंगच्या दिवशी सनी रडकुंडीला आला होता. सासूच्या तोंडी स्टोव्ह, आणि स्टोव्ह काही मिळेना. दुकानात नाही, भंगारवाल्याकडे नाही. मावशीच्या ओट्यावर गॅसची शेगडी आणि खाली लाल सिलिंडर.

“राहू दे रे,” मी म्हटलं. “कोण बघतंय?”

अनुभवाचे बोल होते ते. घोटीच्या घरातही शेगडीच होती. रॉकेल असायचं ते लोडशेडिंगच्या कंदिलासाठी. स्टोव्ह आमच्या घरात कधी नव्हताच, आणि हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. जबाब लिहिणाऱ्याच्या नाही, जन्म देणाऱ्याच्याही नाही.

पिक्चर चढला, मी निकिताला त्याची लिंक पाठवली आणि लोकांची मतं यायला लागली. जेवणाच्या सुट्टीत सनी मला मोबाइलवर वाचून दाखवायचा. सुरुवातीला उत्साहानं, नंतर नुसता अंगठा सरकवत. ‘हसून हसून पोट दुखलं.’ ‘भुतापेक्षा बॅकग्राउंडचा भोंगा जास्त घाबरवतो.’ ‘मेकअप बघा, मैदा आणि हळद थापलीय. आमच्या गणपतीतल्या नाटकात यापेक्षा बरा असतो.’ ‘एवढा खोटा चेहरा जवळून कशाला दाखवता?’

सनी माझ्याकडे बघेना. मी डब्यातली भाकरी मोडत राहिले. पंधरा वर्षं जो चेहरा बसमध्ये शेजारची सीट रिकामी ठेवतो, तो म्हणे खोटा! आणि स्टोव्ह मात्र सगळ्यांनी खरा मानला होता. धन्य आहे बाबा लोकांची.

मग एके दिवशी एकानं लिहिलं, ‘सासू म्हणते स्टोव्ह भडकला, आणि किचनमध्ये गॅसची शेगडी! सिलिंडर समोर दिसतंय. या पिक्चरमधले पोलीस आंधळे आहेत का? एवढी चूक शाळेतलं पोरसुद्धा करणार नाही.’ त्याखाली हसणाऱ्यांची ही रांग लागली. सबंध पिक्चरमध्ये लोकांना तेवढंच आवडलं.

“ताई, तेवढा तुकडा कापून परत चढवतो,” सनी म्हणाला. “इज्जत गेली माझी.”

“हात लावायचा नाही त्याला,” मी असं ओरडले की टपरीवाला वळून बघायला लागला. ज्याचं नाव-गाव मला ठाऊक नाही अशा कुणीतरी, टवाळी करता करता का होईना, माझ्या स्वयंपाकघरात डोकावून बघितलं होतं. ते मी कापू देणार नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी आणखी एक मत आलं. नावाच्या जागी नुसतं जास्वंदीचं चित्र. ‘जिवंत होती तेव्हा पोरीसाठी तोंड उघडलं नाही. मेल्यावर ओरडून काय उपयोग? पोरगी तर त्याच माणसाच्या घरात वाढली ना?’

बाकीच्यांनी माझ्या चेहऱ्याची माती केली होती, ते मी भाकरीबरोबर गिळलं. हे मात्र घशात अडकलं. ज्यानं लिहिलंय त्याला काय ठाऊक, असं मनाशी म्हणत राहिले. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. पण त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना.

रविवारी दुपारी निकिता आली. मी चहा ठेवला. ती नेहमीसारखी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली नाही. दारातच उभी राहून माझ्या शेगडीकडे बघत होती.

“पिक्चर पाहिला,” ती म्हणाली.

“कसा वाटला?”

“बकवास आहे, आई. भीती कुठंच वाटत नाही.”

मला हसू आलं, तिलाही आलं. मग तिचं थांबलं.

“ती शेगडीची कमेंट वाचली मी. घरी आजीला विचारलं, आपला जुना स्टोव्ह कुठंय गं? आजीला राग आला. म्हणाली, ‘स्टोव्ह कसला? आपल्याकडं तुझी आई यायच्या आधीपासून गॅस हाय. गल्लीत पहिलं कनेक्शन तुझ्या आजोबांनी घेतलं व्हतं.’ लय ऐटीत सांगत होती. आणि मग एकदम गप्प झाली.”

चहा उतू गेला. मी शेगडी बंद केली. फडकं कुठं ठेवलंय ते मला सापडेना.

“स्टोव्ह नव्हता,” मी म्हटलं.

“ते कळलं.” तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. गाल, कान, मान, सगळं नीट बघितलं. “मग बाबांनीच?”

“हो.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. जवळ येईल, असंही वाटलं होतं. पंधरा वर्षं मनात हेच घोकलं होतं मी. ती जागची हलली नाही.

“जास्वंदीचं चित्र आहे ना, ती कमेंट माझी आहे.”

मी ओट्याला धरून उभी राहिले.

“आजीला विचारायच्या आधी लिहिलीस की नंतर?”

“नंतर.”

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. निकितानं मोबाइल काढला, ती कमेंट उघडली आणि माझ्यासमोर धरली.

“खोडून टाकू का?”

मी ती पुन्हा एकदा वाचली. इतक्या लोकांनी इतक्या चुका काढल्या होत्या, त्यात माझी चूक हिनं एकटीनं पकडली होती.

“राहू दे,” मी म्हटलं.