पुढच्या जागेचा मान

हेमकांतला त्या सहलीतून बायको मिळायची होती.

ऐकायला हे जरा उथळ वाटेल. पण वय चौतीस, घरची केळी बारमाही, अंगात एकही व्यसन नाही, आणि तरी सात वर्षांत एकोणीस घरांनी पोहे खाऊ घालून 'कळवतो' म्हटलेलं. अशा माणसाला तो शब्द कसा ऐकू येतो, ते त्यालाच विचारावं. विसावं घर नवापूरच्या चुनीलालभाईंचं होतं. कोंबड्यांच्या सहा शेड, मुलगा नवनीत धंद्यात, मुलगी ममता पोस्टात नोकरीला. चुनीलालभाईंनी 'कळवतो' म्हटलं नाही. त्यांनी साटं घातलं. तुमची मयूरी आमच्या नवनीतला, आमची ममता तुमच्या हेमकांतला.

एक बहीण द्यायची, एक बायको घ्यायची. तोलून पाहिलं तर काटा मध्यावर राहत होता. मयूरीला विचारलं नव्हतं असं नाही. ती म्हणाली होती, "तुझं जमत असेल दादा, तर मी हो म्हणते." हेमकांतने हे वाक्य ताबडतोब जमेत धरलं. ते कुणाच्या बाजूला मांडायचं, हा प्रश्न त्याला पडला नाही.

आता फक्त गोळधाणा खायचा राहिला होता. तापीकाठच्या या घरांमध्ये, पिढ्यांपूर्वी गुजरातेतून आली तेव्हापासून, गूळ आणि धणे दोन्ही व्याह्यांच्या तोंडात पडले की शब्द पक्का. त्याआधी सगळं हवेत. आणि चुनीलालभाईंनी अट घातली होती.

"जावई केळीवाला आहे हे समजलं," ते म्हणाले होते. "पण पावसाळ्यात डोंगरात जाऊन लोकांना बोटीत घालून पाण्यात सोडतो, हे काय ते मला डोळ्यांनी बघू दे. सकाळी तुझी बोट, संध्याकाळी कोरीटला तुमच्या घरी गोळधाणा. बोल."

हेमकांत काय बोलणार? तो 'हो' म्हणाला.

धंदा तसा खरा होता. पाच वर्षांपूर्वी हेमकांत हृषीकेशला महिनाभर राहिला आणि येताना एक जुनी रबरी बोट, आठ जॅकेटं आणि आठ हेल्मेटं घेऊन आला. मोलगीच्या पुढे, सातपुड्यात, खडकी नावाची नदी आहे. उन्हाळ्यात तिच्यात शेळ्या चरतात. ऑगस्टात ती दगडांवरून उड्या मारत नर्मदेकडे पळते. फरशीपुलाखाली बोट सोडायची, सहा किलोमीटरवर काढायची. सुरतेकडची पोरं गाड्या भरून येत. बोट हेमकांतची, फोन हेमकांतचा, फलकावर फोटो हेमकांतचा. नदी मात्र गोवालची.

गोवाल पावरा तिथल्याच पाड्यावरचा. पाण्याच्या रंगावरून तो वरच्या कुठल्या नाल्यात पाऊस झाला ते सांगायचा. चार पावसाळे तो बोटीच्या मागच्या टोकाला बसत होता आणि चार पावसाळ्यांत कुणाच्या पायाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. त्याचा कायदा एकच. बोटीत एकच आवाज, मागच्या माणसाचा. डॉक्टर असो, फौजदार असो, गोवाल ओरडला 'दाबा' की वल्ही दाबायची आणि ओरडला 'दगडावर' की सगळ्यांनी अंग दगडाकडे झोकायचं. हे शेवटचं तो किनाऱ्यावरच पाच-पाच वेळा करून घ्यायचा. बोट आडवी होऊन दगडाला भिडली की माणूस घाबरून दगडापासून लांब सरकतो आणि तिथेच बोट पाणी पिते. जोर दगडाकडेच टाकायचा, लगेच, विचार न करता.

त्या सकाळी गोवाल पाण्याकडे बघत उभा होता. पाणी लालसर होतं आणि फेसात सागाची हिरवी पानं वाहत होती.

"भाऊ, रात्री वर पाऊस झालाय," तो म्हणाला. "दुपारपर्यंत उतरेल. थांबू."

"दुपारी उतरलो तर संध्याकाळी कोरीटला कसे पोहोचणार?" हेमकांत म्हणाला. "झेपणारच नाही असं आहे का?"

गोवालने पुन्हा पाणी पाहिलं. "झेपेल. पण चार चांगले हात पाहिजेत. पुढं तुम्ही आणि तो नवनीत बसा. म्हातारे मध्ये."

हे बोलणं चालू असतानाच चुनीलालभाई जॅकेटाचे बंद पोटावर ओढत बोटीपाशी आले आणि पुढच्या टोकावर, उजवीकडे, हात ठेवून म्हणाले, "ही माझी जागा. पुढून सगळं दिसतं."

व्याही पुढे बसले म्हटल्यावर हेमकांतचे वडील लोटनअप्पा मागे कसे बसतील? साट्यात दोघंही वरपिते, दोघंही वधूपिते. एक इंच पुढेमागे झालं तर सोयरीक बिघडेल. अप्पांना नदी म्हणजे मोटारीने उपसायची वस्तू, एवढंच ठाऊक. तेही धोतर खोचून डावीकडे पुढे जाऊन बसले. अशा रीतीने बासष्ट आणि सदुसष्ट वर्षांचे दोन मान पुढे, दोन तरणे मागे, आणि त्यांच्या मागे गोवाल.

"भाऊ, वजन उलटं पडलं," गोवाल हळूच म्हणाला.

"असू दे रे. एक दिवस."

सराव सुरू झाला. गोवालने आवाज दिला, "दगडावर!" नवनीतने हसत अंग टाकलं. चुनीलालभाई हलले नाहीत. त्यांनी मान वळवून गोवालकडे पाहिलं, मग हेमकांतकडे.

"हा मला हुकूम करतो?"

"नाही नाही काका, पद्धत आहे तशी."

"कोंबडीला पण मी असा ओरडत नाही, भाई."

नवनीत खिदळला. अप्पाही हसले, कारण व्याही हसण्यासारखं बोलले होते. हेमकांतने गोवालला बाजूला घेतलं. "हे बघ, आज काकांना तू काही सांगायचं नाही. मला सांग. मी त्यांना सांगतो."

"पाण्यात एवढा वेळ कुठं असतो, भाऊ?"

"संध्याकाळपर्यंत सांभाळ ना रे. माझं लग्न आहे त्याच्यात."

गोवालला हेमकांतची एकोणीस घरं माहीत होती. चार पावसाळे भाकरी खाताना त्याने ती एकेक करून ऐकली होती. तो हसला. "बरं. तुमचं होऊन जाऊ दे." सराव तिथेच संपला.

पहिल्या दोन किलोमीटरांत हा बंदोबस्त छान चालला. गोवाल म्हणे, "दाबा." हेमकांत पुढे वाकून म्हणे, "काका, जरा दाबता का?" काका दोनदा वल्हं बुडवत आणि थांबून डोंगर दाखवत. लाटा तोंडावर आल्या तेव्हा ते लहान मुलासारखे ओरडले, "वाह रे!" आणि वळून म्हणाले, "जावई, धंदा मस्त आहे तुझा. पोरगी दिली समज!"

हेमकांतचं वल्हं हातातच राहिलं. त्याने ममताला दोनदाच पाहिलं होतं. दुसऱ्यांदा तिने त्याच्याकडे बघून चहात साखर कमी आहे का विचारलं होतं. त्या एका प्रश्नावर तो महिनाभर जगत होता. त्या क्षणी त्याला पाण्याचा आवाज वाढलेला ऐकू आला नाही.

गोवालला आला. पुढच्या वळणावर जातं होतं. मधोमध घराएवढा काळा दगड, पाणी त्याच्यावर आपटून गरगर फिरतं म्हणून नाव जातं. दगडाच्या डावीकडून जायचं असतं, आणि त्यासाठी पन्नास हात आधीपासून जोर लावावा लागतो.

"डावीकडं! दाबा, दाबा!"

"काका, आता जरा जोरात..."

काकांनी वल्हं मांडीवर ठेवलं होतं. ते चष्मा पुसत होते.

बोट फिरली, आडवी झाली आणि उजव्या कुशीने दगडाला भिडली. मागून येणारं पाणी डाव्या काठावर चढायला लागलं. "दगडावर!" गोवाल ओरडला. "सगळे दगडावर!" नवनीत झेपावला. अप्पाही उजवीकडे कलंडले. चुनीलालभाई दगडाशेजारीच होते; त्यांनी फक्त दगडाला मिठी मारायची होती. पण काळा दगड नाकासमोर पाहून ते उलटे, डावीकडे सरकले, आणि नव्वद किलो वजन घेऊन पाण्याच्या बाजूला जाऊन बसले.

गोवाल मागची जागा सोडून पुढे आला. त्याने चुनीलालभाईंच्या जॅकेटाची पट्टी धरली आणि त्यांना दगडाकडे खेचलं.

"हात काढ!" चुनीलालभाई किंचाळले. "मला हात लावतोस?"

मधल्या जागेवरून हेमकांतचा हात पुढे आला. नंतर त्याने पुष्कळदा आठवून पाहिलं. तो हात काकांकडे जायला हवा होता, दोन हातांनी ते सहज सरकले असते. तो गेला गोवालच्या मनगटाकडे. त्याने ते घट्ट धरलं आणि तो म्हणाला, "काकांना सोड!"

गोवालने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, नीट ऐकू आलं नाही म्हणून पाहावं, तसं. मग डावा काठ पाण्याखाली गेला आणि बोट दगडाला गुंडाळली गेली.

चौघं जण दोनशे हात खालच्या डोहात वर आले. नवनीतचा खांदा निखळला होता. अप्पांनी एका चपलेनिशी काठ गाठला. चुनीलालभाई वाळूवर बसून पाणी ओकत होते. गोवाल आला नाही. तो बोट आणि दगड यांच्यामध्ये होता.

पाड्यावरची माणसं दोरखंड आणि कोयते घेऊन आली. रबर कापायला तीन तास लागले. खालच्या काठावर गोवालची बायको मीनाबाई सगळ्यांसाठी भाकरी आणि उडदाची डाळ घेऊन बसली होती. तिला कुणी सांगायला गेलं नाही. कोयते घेऊन पळणारी माणसं बघून ती स्वतःच चालत वर आली आणि दगडाकडे बघत उभी राहिली. तिने हेमकांतला एकच विचारलं, "पाणी लाल होतं ना? तो नको बोलला नाही?"

हेमकांत म्हणाला, "बोलला."

त्या दिवसात त्याने बोललेलं हे शेवटचं खरं वाक्य.

ग्रामीण रुग्णालयाच्या ओट्यावर, हवालदार जबाब घ्यायला यायच्या आधी, चुनीलालभाई त्याच्याशेजारी येऊन बसले. अंगावर कुणाची तरी चादर होती. तोवर ते बरेच सावरले होते.

"काय सांगणार तू?"

"जे झालं ते."

"जे झालं त्याच्यात मी आहे," चुनीलालभाई शांतपणे म्हणाले. "आणि तू पण आहेस. हात कुणी धरला त्याचा? मी नाही धरला." चादर अंगाभोवती ओढून ते म्हणाले, "ममता विचारत होती फोनवर. कसे आहेत ते, म्हणाली. तुझं विचारत होती, बेटा."

पलीकडे लोटनअप्पा अनवाणी पाय जवळ घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते हेमकांतकडे न बघता पुटपुटले, "तू त्यान्हा हात धरा व्हता. मी देखं."

"मग तुम्ही सांगा, अप्पा," हेमकांत म्हणाला. "सांगा हवालदाराला."

सात वर्षं अप्पा एकोणीस घरांचे उंबरे झिजवून आले होते. प्रत्येक वेळी नवी टोपी घालून. त्यांनी मान फिरवली. "मन्हा पोऱ्या शे तू," ते म्हणाले. "मी काय सांगू?"

हवालदार आला. त्याने विचारलं, कसं झालं? हेमकांत म्हणाला, "गोवालचा अंदाज चुकला. पाण्याचा." चुनीलालभाईंनी मान डोलावली. नवनीत खांदा धरून म्हणाला, "हो, त्यानेच नेलं दगडावर." चार माणसं, एक जबाब. हवालदारालाही ते सोयीचं पडलं. लिहायला थोडं लागलं.

महिन्याभराने गोळधाणा खाल्ला गेला. दिवाळीनंतर एकाच मांडवात दोन लग्नं झाली. हळदीच्या आदल्या दिवशी मयूरीने विचारलं, "दादा, गोवालचा खरंच अंदाज चुकला?" हेमकांत म्हणाला, "हो." ती म्हणाली, "मग तू माझ्याकडे का बघत नाहीस?" आणि मेंदी वाळवायला निघून गेली.

ममता स्वभावाने चांगली निघाली. लग्नाला आठ दिवस झाले असतील. एका सकाळी डबा भरता भरता ती सहज म्हणाली, "पप्पांनी मला सांगितलंय बरं का, नदीवर काय झालं ते. म्हणाले, माणूस भरवशाचा आहे, आपल्यासाठी कुणाचाही हात धरू शकतो." पोळी दुमडून तिने डब्याचं झाकण लावलं. त्यानंतर ती तो विषय कधी बोलली नाही. पण पुलावरून, गर्दीतून, कुठूनही जाताना हेमकांतने हात पुढे केला, की ती पर्स त्या हातात देते आणि स्वतः वेगळी चालते.

आता कुणी काय दिलं ते पाहू. चुनीलालभाईंनी काही दिलं नाही. उलट त्यांना सून मिळाली, आणि माहेरी बोलायची सोय न राहिलेली सून मिळाली. नवनीतने पंधरा दिवस गळ्यात झोळी बांधली. अप्पांनी एक चप्पल दिली, आणि दुपारी ओट्यावर बसून बोलायची सवय दिली. मयूरीने स्वतःला दिलं, ते कुणी मोजलं नाही. हेमकांतने एक फाटकी बोट दिली आणि बायको घेतली. बाकी सगळं गोवालने भरलं. जीव तर भरलाच, वर नावही भरलं. ज्या डोंगरात त्याचं पाण्याचं बोलणं म्हातारेही ऐकत, तिथे आता 'अंदाज चुकलेला' म्हणून त्याला ओळखतात, आणि त्याच्या पाड्यावरच्या पोरांना बोटीवर कुणी घेत नाही. कागदावर चूक त्याचीच, म्हणून सरकारी मदतीचा अर्ज दोनदा परत आला. एवढ्यानेही भरपाई पुरी पडली नसावी, कारण गेल्या हिवाळ्यात मीनाबाई दोन लेकरं घेऊन ऊसतोडीला गुजरातेत गेली, आणि राहिलेलं ती भरते आहे.