हळू बोला

भोंगाकाकांनी दुसरा कप विसळून, पुसून टेबलावर ठेवला. मग तो जरा लांब सरकवला, कुणी नुकतंच पिऊन उठल्यासारखा. खुर्चीच्या पाठीवर काकूंची करड्या लोकरीची शाल टाकली. ती फारच नीटनेटकी पडली म्हणून उचलून पुन्हा टाकली. चेपलेल्या मोटारींचे पत्रे ठोकून सरळ करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला असली नाटकं जमणार कुठून? शाल काही केल्या खरी वाटेना.

संस्थेतली ताई इतक्यात येणार होती. तिच्या लॅपटॉपवर परदेशातली पोर दिसणार होती, आणि पोरीला आजी, म्हणजे काकू, बघायची होती. आजीला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

त्या पोरीच्या शिक्षणाचा खर्च उचलायचं खूळ काकूंचं. घरात मूलबाळ नव्हतं. संस्थेने दाखवलेल्या फोटोंतून त्यांनी हीच निवडली, कारण बाकीची मुलं हसत होती आणि ही कॅमेऱ्याकडे रागाने बघत होती. ही शिकेल, असं त्या म्हणाल्या होत्या. पत्रंही त्याच लिहायच्या. त्यात स्वतःचा दुखरा गुडघा असायचा, खिडकीत येणारं मांजर असायचं, नवऱ्याचा आरडाओरडा असायचा. काका खाली फक्त सही ठोकायचे.

काकू गेल्या आणि थोड्याच दिवसांत पोरीचं पत्र आलं. आजीचा गुडघा कसा आहे, असं तिने विचारलं होतं. काका उत्तर लिहायला बसले. खरं ते लिहिण्यासाठी दोन कागद फाडले, आणि तिसऱ्यावर लिहून गेले की बरा आहे. एकदा लिहिलं ते लिहिलं. पुढच्या पत्रात गुडघ्याला तेल चोळणं आलं, त्याच्या पुढच्या पत्रात मांजराला पिल्लं झाली आणि काकूंनी ती मोजली. गल्लीत, बाजारात, नात्यागोत्यात सगळीकडे काकू गेलेल्या होत्या. माणसं चार दिवस हळहळून आपापल्या कामाला लागली होती. त्या एका पोरीच्या घरी तेवढ्या त्या अजून हिंडत्याफिरत्या होत्या. आज खरं बोललं की तिथेही त्यांचा शेवट होणार, आणि तो काकांच्याच तोंडून होणार. काकांच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता.

बेल वाजली. काकांनी ताईचं स्वागत केलं तशी खिडकीची काच थरथरली. गॅरेजातल्या ठोकाठोकीत त्यांचे कान गेले होते, आणि कान गेले तसा आवाज चढला होता. म्हणून तर गल्लीने भोंगा हे नाव ठेवलेलं. डावा कान नुसता दाखवायला उरला होता, उजव्यात थोडी धुगधुगी होती. काकू कायम उजव्या हाताला बसायच्या, कानाशी वाकून बोलायच्या, आणि वर म्हणायच्या, "हळू बोला हो, मी इथेच आहे."

ताईने लॅपटॉप टेबलावर मांडला. वायरीचा गुंता सोडवता सोडवता तिने मोठ्याने विचारलं, "काका, ते गुडघ्याच्या तेलाचं लिहिलं होतंत ना, तसलं तेल तिकडे कुणाला ठाऊक नाही. मी आपलं औषध असं लिहिलं. चालेल ना?"

काका चपापले. पत्रं कुठल्या तरी मोठ्या कचेरीत जातात, तिथे कुणी अनोळखी माणूस त्यांचं भाषांतर करतो, अशी त्यांची समजूत होती. आणि काकू गेल्यावर संस्थेच्या दप्तरातलं नाव बदलायला ते मृत्यूचा दाखला घेऊन गेले होते ते हिच्याच टेबलापाशी. म्हणजे हिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली वाकून प्लग शोधत होती.

"चालेल," ते म्हणाले.

पडद्यावर आधी कुणाचं तरी कपाळ आलं, मग अख्खं घर. पोर चांगली उंच झाली होती. तिच्यामागे आई, दोन धाकटे भाऊ, पेटीवर बसलेला एक म्हातारा, दारात शेजारीपाजारी आणि पायांत घोटाळणारी एक कोंबडी. सगळे एकदमच बोलत होते. पोर शेवटच्या परीक्षेत पास झाली होती आणि परिचारिकेच्या शिक्षणाला तिला प्रवेश मिळाला होता. ताई सांगत होती, काका खणखणीत आवाजात शाबासकी देत होते, आणि दर शाबासकीला तिकडचे धाकटे खिदळत होते. त्या गोंगाटात काका क्षणभर शाल विसरले.

मग पोर पुढे वाकली. तिने शाल पाहिली, कप पाहिला, आणि काहीतरी विचारलं. ताईने ते मराठीत सांगायला जरा वेळ घेतला.

"आजी कुठे आहेत, विचारतेय."

बाजारात, शेजारी, डॉक्टरकडे, अशी रात्रभर घोकलेली उत्तरं ऐन वेळी पळून गेली. खरं उत्तर तेवढं ओठांवर येऊन थांबलं. पोर बघत होती, त्या जुन्या फोटोतल्यासारखीच, कपाळाला आठी घालून.

"झोपलीय," काका म्हणाले. गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पडद्याकडे वळली आणि इतक्या हलक्या आवाजात बोलली, की काकांना तिचे नुसते ओठ हललेले दिसले.

पोरीने लगेच तोंडावर बोट ठेवलं. वळून मागच्यांना दटावलं. आईने धाकट्याचं तोंड हाताने झाकलं. पेटीवरच्या म्हाताऱ्याने काठी हळूच भिंतीला टेकवली. कुणीतरी कोंबडी उचलून बाहेर नेली. सगळं घर चिडीचूप झालं, आणि पोर कॅमेऱ्याला नाक लावून कुजबुजू लागली.

काकांना काही म्हणजे काही ऐकू येईना. ते कानामागे हात धरून पुढे झुकले. ताईच्या ते ध्यानात आलं. तिने आपली खुर्ची न सरकवता उचलली, त्यांच्या उजव्या हाताला आणली, आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगू लागली. काकू गेल्यापासून त्या कानाशी कुणी आलं नव्हतं. काकांनी डोळे मिटले. मग पोर बघते आहे हे आठवून उघडले.

"म्हणतेय, आजींना उठवू नका. उठल्या की तुम्हीच सांगा, मी पास झाले म्हणून." ताई थांबली. "आणि हळू सांगा म्हणतेय. तुम्ही ओरडता असं आजींनी तिला लिहिलं होतं."

काकांनी मान हलवली, आणि ती बराच वेळ हलवतच राहिले.

पुढचं सगळं बोलणं असंच कुजबुजत झालं. निरोपाला पलीकडच्या घरातल्या सगळ्यांनी आवाज न करता हात हलवले. पडदा काळा झाल्यावर ताईने वायरी गुंडाळल्या, पिशवी उचलली. काका तिला पोचवायला दाराशी गेले. ती त्यांच्या उजव्या बाजूला आली.

"पुढचं पत्र आलं की आणून देते," ती अजून कुजबुजतच होती. "उत्तरात गुडघ्याचं विसरू नका. ती विचारतेच."

काकांनी दार लोटलं. कडी वाजू नये म्हणून ती हाताने धरून बसवली. टेबलावरचा दुसरा कप तसाच राहू दिला. शाल हातावर घेऊन ते आतल्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. पलंगाच्या एका अंगाची चादर रोजच्यासारखी सपाट होती. खाकरायचं मनात आलं, तो मोह त्यांनी आवरला.

"पास झाली गं," काका म्हणाले, इतकं हळू की त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.