खोलीत काय काय आहे

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. मनातलं कागदावर उतरवलं तर माणसाला बरं वाटतं का, याचा तिथे अभ्यास चालला होता, आणि आलेल्या वह्यांतले दुःखाचे, रागाचे, भीतीचे शब्द मोजायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. निम्म्या लोकांनी चार दिवस, रोज वीस मिनिटं, मनाला डाचणारी गोष्ट लिहायची. उरलेल्यांनी, तुलनेसाठी, फक्त आपल्या खोलीत काय काय आहे ते लिहायचं. भावनेचा एक शब्द नको. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं.

जगाचं दुःख मोजणारी ही बाई स्वतःची मूठ मात्र झाकून होती. दादाच्या छातीत कळ आली तेव्हा त्याने हिलाच फोन केला होता. आदल्या दिवशी फालतू भांडण झालेलं; हिने ऑफिसात त्याचं नाव पाहिलं आणि फोन पालथा घातला. वहिनी तेव्हा माहेरी होती. नंतर सगळ्यांना सांगितलं, फोन कपाटात राहिला होता. दादा गेला त्याला आठ महिने झाले. ती आणि वहिनी अजून त्याच घरात राहत, आणि वहिनीच्या हातचा चहा हिच्या घशाखाली उतरत नसे.

एकेचाळीस नंबरची वही खोलीवाल्या गटातली, एका शिंप्याची. पहिल्या दिवशी लिहिलं होतं: शिलाई मशीन, कात्री, आरसा, दोन स्टुलं. एकावर मी, दुसऱ्यावर बायको. दुसऱ्या दिवशी: बायको स्टुलावरच. माझ्या हातातल्या कापडाकडे बघते. मोजणीबाईच्या मनात पाल चुकचुकली. तिने शिंप्याचा फॉर्म काढून बघितला. चार वर्षांपासून विधुर. चौथ्या दिवशी: बायकोने विचारलं, मी हाक मारली तेव्हा मशीन का नाही थांबवलंत. मी सांगितलं. आता स्टूल रिकामं आहे.

भावनेचे शब्द शून्य. आणि सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत शिंपी पूर्वीपेक्षा दोन तास जास्त झोपत होता.

अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. लिहिण्याचा फायदा होतो, पण थोडाच आणि सगळ्यांना नाही, हे त्या येईल त्याला बजावत. नियम मोडलेली वही त्यांना आकड्यांत नको होती.

"त्याने नियम मोडला नाही," मोजणीबाई म्हणाली. "खोलीत होतं तेवढंच लिहिलंय."

डॉक्टरबाईंनी वही मिटली आणि तिला आज लवकर घरी जायला सांगितलं.

घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. ओट्यावर अजून ऊन होतं. वीस मिनिटांचा गजर लावून तिने लिहायला घेतलं. ओटा, फ्रिज, कॅलेंडर, चार खुर्च्या. एकीवर मी. समोरच्या खुर्चीपाशी पेन अडलं. मान वर करायचा धीर होईना. खुर्ची रिकामी असेल याची भीती होती, आणि नसेल याचीही. खाली बघतच तिने लिहिलं: दादा. फोन माझ्या हातात होता, दादा. मी नाव पाहिलं होतं.

वहिनी मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. हिने वही झाकली नाही, पुढे सरकवली. वहिनीने सावकाश वाचलं. मग समोरची खुर्ची सोडून शेजारची ओढली आणि बसली.

"माहीत आहे, वन्सं," ती म्हणाली. "तुमचे दादा रोज इथे बसून सांगतात. तुम्ही कधी बोलाल, याचीच आम्ही दोघं वाट बघत होतो."