मिटल्या डोळ्यांची फेरी

चैत्रातल्या पहिल्या रविवारी टेकडीवरच्या निसर्ग केंद्रात पक्षी बघायचे नाहीत, नुसते ऐकायचे, ही पद्धत वासंतीबाईंच्या यजमानांनी, दिगंबररावांनी पाडली होती. सगळ्यांनी वडाच्या पारावर डोळे मिटून बसायचं आणि फेरी घेणाऱ्याने कानावर पडेल त्या पक्ष्याचं नाव सांगायचं, कुठल्या झाडावर आहे तेही सांगायचं. तेव्हा केंद्र म्हणजे पत्र्याची एक शेड होती. दिगंबरराव आणि वासंतीबाई पेठेतून सायकली हाणत यायचे, वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी लागायची, आणि पायथ्याच्या वस्तीतली मथुराबाई हाक मारून त्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. आता ज्वारीच्या जागी उंच इमारती होत्या, केंद्राला काचेचं दार होतं आणि दिगंबरराव त्या दाराशेजारच्या फोटोत होते. फेरी मात्र अजून वासंतीबाईंची होती.

ती राहणार की जाणार, हे आज ठरायचं होतं. केंद्राचा नवा सचिव केयूर आदल्या आठवड्यात घरी येऊन गोड बोलून गेला होता. "आजी, यंदा तुम्हीच घ्या. पुढचं मग बघू." त्याच्या गळ्यात हातभर लांबीची लेन्स लोंबत होती आणि 'मग बघू' म्हणताना तो वासंतीबाईंकडे न बघता खिडकीतल्या चिमणीकडे बघत होता.

वासंतीबाईंना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. तांबट, कोकीळ, पोपट, कावळा, सगळे नीट यायचे. पण शिंजीर, शिंपी, वटवट्या गेल्या दोन-तीन वर्षांत एकेक करून गप्प झाले होते. कानात घालायचं यंत्र आणून झालं. त्यातून पक्ष्यांआधी स्वारगेटच्या बसचे ब्रेकच ऐकू येत.

हे फक्त अवनीला ठाऊक होतं. अवनी शाळेत त्यांची विद्यार्थिनी होती. वासंतीबाईंनी बोट धरून तिला या टेकडीवर आणलं होतं. फेरीत ती बाईंच्या शेजारी बसायची आणि सगळ्यांचे डोळे मिटले की त्यांच्या कोपराला हळूच बोट लावायची. एकदा लावलं तर शिंजीर, दोनदा लावलं तर शिंपी. हाताच्या ज्या अंगाला बोट लागेल, त्या बाजूचं झाड. दोन चैत्र असे निभावले होते.

पाराकडे जाताना वाटेत लाल दोरी बांधलेली दिसली. मागे करवंदीच्या जाळीला लागून एक कोवळं उंबर होतं, त्याच्या शिवलेल्या पानांत शिंप्याचं घरटं होतं. आडवं येणारं एक पान दोऱ्याने मागे ओढून बांधलेलं.

"हे पान कुणी बांधलं?" वासंतीबाईंनी विचारलं.

"फोटोला आड येत होतं," केयूर म्हणाला. "अंड्यांपासून काढतोय आम्ही, मी आणि अवनी. पिल्लं उडाली की प्रदर्शन लावायचंय."

"वा! म्हणजे पक्ष्याने आयुष्यभर शिवणकाम करायचं आणि तुम्ही उसवायचं."

लोक हसले. केयूरही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पारावर सगळ्यांनी डोळे मिटले. वासंतीबाई बोलू लागल्या. समोर उंबरावर तांबट. मागे इमारतीच्या गच्चीवर साळुंकी. खालच्या नाल्याकडे कोकीळ, तोही नर. कुणीतरी कौतुकाने चक् केलं. मग आवाज थांबले. वासंतीबाई वाट बघत राहिल्या, आणि कोपराच्या डाव्या अंगाला बोट लागलं. एकदा.

"शिंजीर," त्या म्हणाल्या. "डावीकडे, पांगाऱ्यावर. आज भलतीच खुशीत आहे स्वारी."

कुणीतरी नाकातून हसलं. वासंतीबाईंनी डोळे उघडले. केयूरच्या हातात मोबाईल होता. आवाजावरून पक्षी ओळखणारं काहीतरी त्यात चालू होतं.

"आजी, गेली दोन मिनिटं इथे कोणीच बोललेलं नाही," तो म्हणाला. "यातही काही आलं नाही. खुशीत असेल म्हणून मनातल्या मनात गात असेल."

आता मात्र सगळे मोकळेपणी हसले. वासंतीबाईंनी अवनीकडे पाहिलं. अवनी ओढणीचा काठ गुंडाळत होती.

"वयोमानाने होतंच," केयूर उदार आवाजात म्हणाला. "आपण सगळे आजींचे ऋणी आहोत. पुढच्या वर्षीपासून ही फेरी अवनी घेईल. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. त्या वासंतीबाईंना अगदी स्वच्छ ऐकू आल्या.

पुढे मंडळी पाणवठ्याकडे निघाली. वासंतीबाई गुडघ्याचं निमित्त करून लाल दोरीजवळच्या बाकावर बसल्या. अवनी मागे रेंगाळली.

"बाई, आज ना उद्या कळलंच असतं सगळ्यांना."

"हो ना. तू आजच उरकलंस."

अवनीने ओठ चावला. जाता जाता वळून म्हणाली, "बाई, इथे बसताय तर घरट्याकडे जरा लक्ष ठेवाल? भारद्वाज फिरतोय दोन दिवस. नुसती टाळी वाजवली तरी पळतो."

"जा तू," वासंतीबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने नाल्याच्या अंगाने हूप हूप हूप असा आवाज आला. खोल, घागरीतून यावा तसा. हा आवाज त्यांना कधीच सोडून गेला नव्हता. पुन्हा आला, जाळीच्या पलीकडून. मग थांबला, आणि वाळक्या पानांत पावलं वाजू लागली. तांबूस पंख, काळं अंग, लाल डोळा. भारद्वाज रमतगमत आला, दोरीखालून वाकून गेला.

शिंप्याची जोडी फांदीवर नाचू लागली. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. वासंतीबाईंना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. बांधलेल्या पानामुळे घरट्याचं तोंड उघडंच होतं. भारद्वाजाला शोधावं लागलं नाही.

दिगंबरराव असते तर एव्हाना हातातली काठी आपटली असती. वासंतीबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांनी ते तिथेच ठेवले, एकावर एक.

मंडळी परतली तेव्हा पुढे असलेली कल्याणी नावाची एक मुलगी हरखून ओरडली, "अय्या, भारद्वाज! शुभ असतो ना दिसलेला?" तिने हातही जोडले. भारद्वाजाने मान वर केली. चोचीत शेवटचं पिल्लू होतं, अजून पाय हलवणारं. केयूरचा कॅमेरा खटखट वाजत राहिला.

"काय फ्रेम मिळाली!" तो म्हणाला. "प्रदर्शनाचा शेवट हाच!"

अवनी मात्र धावत घरट्याशी गेली. पान उलटून बघितलं, आणि तशीच उभी राहिली. मग बाकापाशी आली. चेहरा पांढराफटक.

"बाई, तुम्ही इथेच होतात ना? तो केवढ्यांदा ओरडतो. ऐकू नाही आला?"

"नाही गं," वासंतीबाई म्हणाल्या. "मला आता कुठलं ऐकू येतंय? मघाशी सगळ्यांसमोर सिद्ध नाही का झालं?"

अवनीला समजलं, आणि तिला समजलंय हे वासंतीबाईंना दिसलं.

"चल, हात दे," त्या उठत म्हणाल्या. "पायऱ्या उतरायच्यात."

अवनीने त्यांचं कोपर धरलं. तिची बोटं सारखी थरथरत होती. त्यातून कुठल्याच पक्ष्याचं नाव होत नव्हतं.