कधीच नाही

बाबांना ॲडलेडच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा त्यांचं पोट फुगून घट्ट झालं होतं आणि डोळे पिवळेजर्द. तिथली डॉक्टर तरुण होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचे वडील फार मोकळेपणानं बोलले. किती वर्षं पितात, किती पितात, सगळं सांगितलं. असं सहसा कुणी सांगत नाही." ते ऐकून मला बरं वाटेल अशी तिची समजूत होती.

मी मान हलवली. मनात एवढंच आलं, की ही दुसऱ्या कुणाच्या वडिलांबद्दल बोलते आहे.

बाका नदीकाठच्या आमच्या गावात, आम्ही बारकिंजी, म्हणजे इथल्या मूळ आदिवासी, लोकांनी स्वतः उभारलेल्या दवाखान्यात मी आरोग्यसेविका आहे. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वर्षातून एकदा दारूबद्दल तीन प्रश्न विचारायचे, हे माझं काम. किती वेळा घेता, घेता तेव्हा किती घेता, एका बैठकीत सहा ग्लासांच्या वर कधी जाता का. प्रश्न साधे आहेत. पण आमच्या लोकांना ते पूर्वी पोलिसांनी विचारलेले, नाहीतर आईबापांपासून पोरं उचलून नेणाऱ्या सरकारी बायांनी. त्यामुळे मी कामाला लागले तेव्हा माझ्यासमोर बसायला कुणी तयार होईना.

तेव्हा बाबाच पुढे आले.

"अंगणात खुर्ची टाक, रोनेल," ते म्हणाले. "सगळ्यांदेखत आधी मला विचार. म्हाताऱ्यालाच विचारलं म्हटल्यावर बाकीच्यांना कसली आलीय लाज!"

तो पायंडाच पडला. दर वर्षी निलगिरीच्या सावलीत पहिले बाबा बसायचे. इस्त्रीचा शर्ट, हॅट गुडघ्यावर. मी पहिला प्रश्न विचारला की ते आवाज चढवून म्हणायचे, "कधीच नाही!" आणि सगळं अंगण हसायचं. व्हर्ना आत्या मांडीवर थाप मारायची, क्लॅरी काका शीळ घालायचे. मीही हसायचे. आई गेली त्या वर्षी बाबांनी दारू सोडली होती, मी तेव्हा शाळेत होते. ते हसू कौतुकाचंच आहे, असं मी धरून चालले.

मग बाकीचे एकेक करून खुर्चीत बसत. "कधीच नाही, पोरी." "छे, कधीच नाही." आमचं गाव सुधारलं, असं मी वरच्या लोकांना कळवलंही होतं.

दर गुरुवारी बाबा क्लॅरी काकांबरोबर बंधाऱ्यावर मासे धरायला जात. येताना एक मासा हमखास. मी तो साफ करून तळायचे. ते दोन घास खाऊन लवकर झोपायचे. वय झालं, असं मला वाटे.

बाबा वाचले नाहीत. दफन झालं. आमच्या रिवाजाप्रमाणे पानांचा धूर घरभर फिरवून झाला, त्यांचे फोटो भिंतीकडे वळवून झाले. व्हर्ना आत्या व्हरांड्यात बसून आलेल्या माणसांसाठी बटाटे सोलत होती.

"आत्या, तुला माहीत होतं?"

"काय?"

"बाबा पीत होते ते."

तिची सुरी थांबली नाही. "अगं, गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं."

"मग अंगणात हसायचात ते?"

"हसू येणारच ना! पोटात अर्धी बाटली पोर्ट वाइन आणि तोंडानं कधीच नाही. वर तो इस्त्रीचा शर्ट!" ती हसली, मग मनगटानं डोळे पुसले. "तुझा फार अभिमान होता त्याला. पोरीच्या तोंडावर कसं सांगणार होता, बाय?"

पायरीवर बसलेले क्लॅरी काका खाली बघतच बोलले. "मासे माझे असायचे. तो गळ पाण्यात टाकायचाच नाही. निघताना म्हणायचा, एक दे रे, पोरगी वाट बघत असेल."

दारूचं मला एवढं काही वाटलं नाही. दारू मी जन्मापासून बघते आहे. पण ते सगळे मासे मी माझ्या हातांनी साफ केले होते. आणि दर वर्षी मी त्यांच्या डोळ्यांत बघून जे विचारत आले, ते त्यांनी एका दुपारी एका अनोळखी मुलीला सांगून टाकलं होतं.

सुतक संपल्यावर मी कामावर गेले. वार्षिक तपासणीचा दिवस होता, अंगण भरलेलं. म्हाताऱ्याची जागा रिकामी राहू नये म्हणून व्हर्ना आत्या फुलाफुलांचा झगा घालून खुर्चीत येऊन बसली होती.

"हं, विचार."

"किती वेळा घेतेस, आत्या?"

"कधीच नाही!"

थेट त्यांच्याच सुरात. अंगण हसलं. क्लॅरी काकांनी शीळ घातली. तेच हसू. इतकी वर्षं ते माझ्यासमोर होतं आणि आज पहिल्यांदा मला ते ऐकू आलं.

"ऊठ," मी म्हणाले. "आत जा. आत समुद्रकिनाऱ्याकडून आलेली नवी नर्स आहे, ती विचारेल."

"तू आहेस की!"

"मी नको. ती आपल्यातल्या कुणाची कुणी नाही."

"सख्खी भाची समोर असताना मी परक्या बाईला सांगत बसू? डोकं फिरलंय का तुझं?"

"बाबांनी सांगितलं, आत्या. परक्या बाईलाच सांगितलं."

मी तिच्या थोबाडीत मारल्यासारखी आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पर्स उचलली, झगा सारखा केला, आत गेली आणि दार स्वतःच लावून घेतलं.

मी रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. थोड्या वेळानं क्लॅरी काकांनी विचारलं, "मीपण आतच जायचं का गं?"

"हो काका. आत्या आली की."

पण आत्या येत नव्हती. आतून शब्द ऐकू येत नव्हते, मध्येच खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पुन्हा शांत. सगळे त्या दाराकडे बघत होते. "कधीच नाही" म्हणायला एवढा वेळ लागत नाही.