चांगल्या डोळ्यावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी, विटलेली पट्टी आहे. माझ्यावर धाग्याने एक हत्ती भरलेला आहे. त्याची सोंड आता उसवली आहे. चष्म्याच्या एका काचेवर मला चढवायचे आणि तो डोळा झाकायचा, एवढेच माझे काम. तेही मला नीट करू दिले नाही.

रंजिता तेव्हा पाच वर्षांची होती. चुलतभावाने सोडलेला खराट्याच्या काडीचा बाण तिच्या डाव्या डोळ्यात घुसला आणि म्हाताऱ्यांना होणारा मोतीबिंदू पोरीला झाला. वाशीला ऑपरेशन झाले, आत नवे भिंग बसले. डॉक्टर म्हणाले, "निम्मं काम झालं. आता या डोळ्याला बघायला शिकवायचं. उजवा, चांगला डोळा रोज सहा तास झाका, म्हणजे डावा झक मारत काम करील." आई सुचिताने मान डोलावली. वडील हितेशने माझ्या हत्तीचा फोटो स्टेटसला ठेवला.

पहिले काही दिवस रंजिता चौकटींवर आपटायची, रडायची, मला ओरबाडायची. मित्रांनो, तेच तर माझे यश होते.

पण सुचिता ऑफिसला गेली की घरात राज्य आजीचे. बायजाबाई, आयुष्य मिठागरात गेलेली, आता तीन मजली 'बायजाई निवास'ची मालकीण. आठवड्यातच तिने मला पकडले.

"आगो बाय, दुखरा डोला उघरा नि चांगला झाकलाय? डाक्टर येरा हाय का तुजी आई येरी? डोका फिरलाय कुनाचा तरी!"

"आई बोलली असंच."

"आई शिकलेली हाय, तिला काय कलतं? दुखऱ्याला इसावा लागतो."

तिने मला अलगद उचलून डाव्या काचेवर चढवले. रंजिताचे रडणे थांबले. आईवडील घरी येईपर्यंत सहा तास भरून मी डबीत गेलेली असायची; रविवारी मलाही सुट्टी. संध्याकाळी सुचिता विचारायची, "सहा तास लावली ना?"

"लावली गो."

खोटे कुणीच बोलत नव्हते.

मधली तपासणी लग्न-हळदींच्या सीझनमध्ये राहून गेली. सात महिने मी त्या डोळ्याला इमानेइतबारे अंधारात ठेवले. मला तोंड नाही. हत्तीला आहे, पण ते धाग्याचे.

शेवटी दवाखान्यात गेलो, तर डाव्या डोळ्याला तक्त्यावरचे सगळ्यात मोठे अक्षरही दिसेना. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन तर उत्तम आहे. बाळा, पट्टी कशी लावतेस, दाखव बरं." रंजिताने हुशारीने मला डाव्या काचेवर चढवले.

घरी बायजाबाई एवढेच म्हणाली, "मी मायेनंच केला गो." तेही खरे होते.

आता मी उजवीकडे असते. नजर किती येईल, डॉक्टर सांगत नाहीत; डोळ्याचे शिकायचे वय थांबत नाही, एवढेच म्हणतात. सुट्टीच्या दिवशी दुपारी बायजाबाई नातीसमोर बसून हात वर करते.

"किती बोटां?"

"दोन."

"बग गो सुचिता, दिसतंय पोरीला!"

बायजाबाई दर वेळी दोनच बोटे दाखवते.

मित्रांनो, माया जरूर करा, पण कोणत्या डोळ्यावर, ते आधी विचारून घ्या. आणि कधी आमच्या गल्लीत आलात, तर रंजिताला हाक मारून तीन बोटे दाखवा. घरात तेवढी हिंमत कुणाची नाही.