डार्ला

लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी ग्रुपवर बुधवारी एक मेसेज आला. नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या एका केअर होममध्ये कमलाकर शिर्के नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत. स्ट्रोकनंतर ते इंग्लिश पार विसरलेत, नुसतं मराठी बोलतात, आणि तिथे कुणालाच ते कळत नाही. फोन कानाला लावला की घाबरतात. कुणी प्रत्यक्ष येऊ शकेल का? रोज संध्याकाळी ते ‘डार्ला, डार्ला’ अशा हाका मारतात. ही डार्ला कोण, हे समजलं तर फार बरं होईल.

मेसेजखाली एकतीस जणांनी हात जोडले. श्रद्धाने लिहिलं, ‘शनिवारी मी जाते.’

ती काही समाजसेविका नव्हती. चौतीस वर्षांची, इन्शुरन्स कंपनीत नोकरी, भाड्याची एक खोली. शुक्रवारी घरून काम असायचं, आणि मग सोमवारपर्यंत दुकानातल्या ‘थँक यू’पलीकडे तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. कुठेतरी आपली वाट बघितली जाते आहे, एवढंही तिला पुरेसं होतं.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून नॉरिच, तिथून छोट्या गाडीने शेरिंगहॅम. नोव्हेंबरची शेतं खिडकीबाहेर नांगरून उघडी पडलेली. समोरची सीट शेवटपर्यंत रिकामीच राहिली. पुढे किनाऱ्याने जाणारी बस. आत ती आणि कुत्रा घेऊन बसलेली एक बाई. बाई उतरली. समुद्र मधूनच दिसायचा, राखाडी, दूर ओसरलेला.

केअर होमच्या दारात वेंडी नावाची केअरर उभी होती. “थँक गॉड, आलात! त्यांची पत्नी जोन नऊ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ असल्याची नोंद नाही. पण डार्ला मुलगी असेल असं आम्हाला वाटतं. तिला शोधायला कौन्सिललाही लिहिलंय.”

कमलाकर आपल्या खोलीत खुर्चीत अंग चोरून बसले होते. बागेकडचं दार हवेसाठी किलकिलं होतं. श्रद्धा जवळ जाईपर्यंत त्यांनी मान वर केली आणि ते ओरडले, “दार लाव! अगो, दार लाव!”

श्रद्धा जागीच थबकली. मग तिने जाऊन दार लावलं. म्हातारबुवांचे खांदे हळूहळू खाली आले.

“आता बरं वाटतंय का, आजोबा?”

ते तिच्याकडे बघत राहिले. “किती दिवस सांगतोय गो. थंडी वाजते. कुणी ऐकतच नाही.”

“डार्लाबद्दल म्हणाले का?” वेंडीने घाईने विचारलं.

“डार्ला कुणी नाही,” श्रद्धा म्हणाली. “ते ‘दार लाव’ म्हणतायत, म्हणजे दार बंद करा. त्यांना थंडी वाजते.”

वेंडी पलंगावर बसली. “तीन महिने,” ती म्हणाली. “तीन महिने मी त्यांना सांगतेय, डार्ला लवकरच येईल म्हणून.” मग तिने विचारलं, “म्हणजे कुणीच नाही त्यांचं?”

श्रद्धाने कागदावर इंग्लिश अक्षरांत मराठी शब्द लिहून दिले: दार, थंडी, पाणी, दुखतंय. वेंडीने ते घोकले. कमलाकरांना तिचं ‘दुखतंय’ ऐकून हसू आलं. मग ते दोन तास बोलत होते. गुहागर, बोटीवरची इंजिनरूम, जोनने पहिल्यांदा केलेली खारट आमटी. मधूनच विचारायचे, “तू कुणाची गो?” ती सांगायची, कोथरूडच्या मोहन करमरकरांची.

चार वाजता ती उठली. “जाते मी, आजोबा. बस चुकेल.”

“जाते म्हणू नये, बाय. येते म्हणावं.”

“येते,” ती म्हणाली, आणि निघताना बागेकडचं दार नीट लागलंय ना ते तिने बघितलं.

ती खरंच जात राहिली, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. ग्रुपवर सोबत विचारली, कुणाला जमलं नाही. दार आता वेळेवर लागायचं. कमलाकर मात्र तिला दर खेपेला नव्याने भेटायचे आणि ती सगळं पहिल्यापासून सांगायची.

हिवाळ्यात परतताना चारलाच अंधार पडलेला असायचा. बसच्या वरच्या मजल्यावरून समुद्र छान दिसतो म्हणतात. पण वर कुणी नसायचं, म्हणून ती खाली, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची.